निशिजिनमधलं ओमांजुया: तारीख पाहून जायचं दुकान

आधीच सांगते, क्योटोतल्या या गोडाच्या दुकानाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ओकामिसानना, म्हणजे मालकीणबाईंना, विचारलं होतं. त्यांनी हात पुसत पुसत, अगदी हळू आवाजात नको म्हटलं. दुकानात नवरा-बायको दोघंच. पहाटे चारला उठतात, होईल तेवढं करतात आणि संपलं की नोरेन, म्हणजे दारावरचा पडदा, आत घेतात. बाहेरच्यांची रांग लागली तर समोरच्या आजींना त्यांची रोजची एक मोची, म्हणजे कांडलेल्या चिकट तांदळाचा गोळा, मिळायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि मला ते पटलं. पण सव्वा वर्ष मी तिथलं खाते आहे आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिवाय अशी दुकानं क्योटोत अजून बऱ्याच गल्ल्यांमधून आहेत. ती ओळखायची कशी, काय घ्यायचं आणि कधी घ्यायचं, ते सांगते.

गल्ली निशिजिनमधली. इमादेगावाच्या मोठ्या रस्त्यावरून उत्तरेला वळलं की गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि एखाद्या लाकडी घरातून मागाची खटखट ऐकू येते. किमोनोवर बांधायचे ओबी विणणाऱ्यांची ही जुनी वस्ती. दुकानाची रुंदी दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी. पुढे गुडघ्यापासून छातीपर्यंत काचेचं कपाट, त्यात लाकडी ट्रे, आणि काचेवर आतून चिकटवलेल्या कागदाच्या उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर ब्रशने लिहिलेलं पदार्थाचं नाव. ही पट्टीच तुमची खूण. छापील मेन्यू असेल तर तिथे वर्षभर तेच मिळतं असं समजा. हाताने लिहिलेली पट्टी लागते आणि निघते.

क्योटोत गोडाची दुकानं एका जातीची नसतात, हे कळायला मला बराच वेळ लागला. चहाच्या समारंभासाठी नाजूक, ऋतू हातात धरल्यासारखे पदार्थ करतात ते ‘ओकाशियासान’. त्यांच्याकडे बहुतेक वेळा आधी सांगून ठेवावं लागतं. रोजच्या खाण्यातले मांजू, म्हणजे सारण भरलेले गोळे, आणि दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, करतात ते ‘ओमांजुयासान’. आणि मोची कांडून देतात, शुभकार्याला अझुकी, म्हणजे बारीक लाल कडधान्य, घातलेला लाल भात शिजवून देतात ते ‘ओमोचियासान’. आमचं दुकान दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधलं. एका कोपऱ्यात ‘सेकिहान’ची, म्हणजे लाल भाताची, पट्टी बाराही महिने असते. ती दिसली की खुशाल आत जा.

इथला बहुतेक माल ‘आसानामा’. शब्द धंद्यातला आहे, अर्थ सकाळचं ताजं: पहाटे करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. डबा बांधताना ओकामिसान दर वेळी सांगतात, “आजच खा हं.” सुरुवातीला मला ती नुसती रीत वाटायची. तिचं महत्त्व कसं कळलं ते पुढे येईलच.

मी पहिल्यांदा गेले ती गेल्या वर्षीची ३० जून. पावसाळा ऐन भरात होता. तीन बाजूंनी डोंगर असलेल्या या शहरात तेव्हा हवा हलत नाही, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, जेवणावरची वासना उडते. एरवी गोडाच्या सहा-सात पट्ट्या असायच्या त्या काचेवर त्या दिवशी एकच होती, आणि आत सगळ्या ट्रेंमध्ये एकच पदार्थ. पांढऱ्या वड्यांचे त्रिकोण, वर अझुकीच्या दाण्यांचा थर. पुढे उभ्या असलेल्या बाईंनी दहा घेतले, त्यांच्या मागच्या मुलाने दोन. मला पट्टीवरची अक्षरं लागेनात, तेव्हा त्या बाईंनीच बोट ठेवून वाचून दाखवलं: मि-ना-झु-की.

मिनाझुकी हे सहाव्या महिन्याचं जुनं नाव, पाण्याचा महिना. आणि ३० जून म्हणजे वर्षाचा बरोबर मध्य. अर्ध्या वर्षात अंगाला जे काही लागलं असेल, दोष, दुखणी, वाईट दिवस, ते या दिवशी झटकून टाकायचं, उरलेलं अर्धं वर्ष सुखरूप जावं म्हणून. या विधीला ‘नागोशी नो हाराए’ म्हणतात. देवळाच्या दारात गवत वळून केलेलं माणसापेक्षा उंच कडं उभं करतात. त्यातून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरून जायचं. कागदाची माणसाच्या आकाराची बाहुली मिळते. तिच्यावर नाव आणि वय लिहायचं, ती अंगावरून फिरवायची, तिच्यावर फुंकर घालायची आणि देवळात द्यायची. कामिगामोच्या देवळात त्या रात्री या बाहुल्या ओढ्यात सोडतात. मी गेल्या वर्षी तिथे गेले होते. मशालींच्या उजेडात पांढरे कागद काळ्या पाण्यावरून वाहत निघाले तेव्हा एवढ्या गर्दीत कुणी बोलत नव्हतं. दृष्ट काढणारी आजी जिने पाहिली आहे, तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

मिनाझुकीचा त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा. जुन्या काळी हिवाळ्यातला बर्फ क्योटोच्या उत्तरेकडच्या डोंगरात ‘हिमुरो’मध्ये, म्हणजे बर्फाच्या खोल्यांत, साठवून ठेवत आणि चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी दरबारात आणत. उन्हाळा बाधू नये म्हणून तो खायचा. साध्या माणसाला उन्हाळ्यात बर्फ कुठून दिसणार? म्हणून तांदळाच्या पिठाचा बर्फ केला. वरची अझुकी इडापिडा टाळायला. लाल दाण्यांना वाईट शक्ती भितात, ही समजूत जपानात जुनी आहे.

मी दुकानाच्या बाहेरच, पागोळीखाली उभी राहून एक खाल्ली. पांढरा भाग ‘उइरो’चा: तांदळाचं पीठ, गव्हाचं पीठ, साखर, आणि त्यात थोडं ‘कुझु’ नावाच्या वेलीच्या मुळाचं सत्त्व. हे सगळं उकडलेलं. आपल्या उकडीची बहीण म्हणायला हरकत नाही, पण उकड मऊसूत पडते आणि ही दाताला हलकासा विरोध करते. लाकडी काडी लावली की आधी दबते, मग एकदम कापली जाते. गोडी अगदी बेताची. अझुकीचे दाणे आख्खे, साल न फुटलेली, आणि चावल्यावर आतून पीठ होणारे. पांढऱ्या भागाचा गारवा आणि दाण्यांचा मातकट गोडवा एकदम जिभेवर येतात. खरं तर पदार्थ गार नव्हता, खोलीतल्या हवेइतकाच होता. पण तो ओलसर, अर्धपारदर्शक पांढरा रंग पाहून आणि तो गुळगुळीत स्पर्श होऊन अंगाला थंड वाटतं, हे अगदी खरं आहे.

या वर्षी जूनमध्ये ओकामिसाननी मला पहाटे आत येऊ दिलं, तेव्हा तो कसा होतो ते पाहिलं. ओजिसान, त्यांचे यजमान, चौकोनी लाकडी चौकटीत ओलं फडकं अंथरतात. पीठ इतकं पातळ की पळीतून दुधासारखं पडतं. त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवतात आणि बाकीचं चौकटीत ओतून वाफेवर चढवतात. वरची बाजू जेमतेम धरली की झाकण काढून, पृष्ठभागावरचं वाफेचं पाणी फडक्याने टिपून घेतात. हे टिपणं महत्त्वाचं, नाहीतर वरचा थर सुटून येतो. मग शिजवून साखरेत मुरवलेली अझुकी एकसारखी पसरायची, बाजूला ठेवलेलं पीठ दाण्यांच्या फटींतून जाईल असं वरून ओतायचं आणि पुन्हा वाफ. खरी परीक्षा त्यानंतरची: पूर्ण निवेपर्यंत हात लावायचा नाही. ओजिसान घड्याळ पाहत नव्हते, चौकटीच्या लाकडाला तळहात लावून पाहत होते. मग ओल्या सुरीने आधी चौकोन आणि प्रत्येक चौकोनाचे कर्णावर दोन त्रिकोण. दर कापाला सुरी पुसून पुन्हा ओली. त्या दिवशी चारशे केल्या होत्या. मी निघाले तेव्हा सहा वाजले होते आणि पहिल्या ऑर्डरी कागदात बांधून तयार होत्या.

एका मिनाझुकीचे २२० येन. सिटी बसचं एका फेरीचं तिकीट २३० येन पडतं, त्या हिशोबाने पाहा. काळ्या साखरेचीही मिळते आणि माच्चाचीही, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीची. काळ्या साखरेची मला आवडते, तिला काकवीसारखी खोल चव आहे. माच्चाची घेऊ नका असं मी सांगेन. चहाचा कडूपणा आला की अझुकीची नाजूक चव मागे पडते, आणि हिरवा तुकडा बर्फासारखा दिसतही नाही.

अंकोबद्दल, म्हणजे अझुकीच्या गोड सारणाबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण जपानी गोड आवडलं नाही असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. “गोडात कडधान्य कसलं?” असं पुरणपोळी खाणाऱ्याने तरी विचारू नये. अझुकी मूग, उडीद, चवळी यांच्याच कुळातली. पण पुरण आणि ‘कोशिआन’, म्हणजे गाळलेलं अंको, यांत एक मोठा फरक आहे. पहिली उकळी आली की ते पाणी ओतून देतात, कारण सालीतला तुरटपणा त्यात उतरलेला असतो. दाणे मऊ शिजले की चाळणीवर घासून साली वेगळ्या करतात. इथपर्यंत आपलं पुरणयंत्रच. पुढे मात्र तो गर पाण्यात कालवून, बसू देऊन, वरचं पाणी ओतून टाकतात, आणि हे पुन्हा पुन्हा करतात. मग फडक्यात पिळून घट्ट गोळा काढायचा आणि तो साखरेबरोबर आटवायचा. इतकं धुतल्यामुळे त्याला कडधान्याचा उग्र वास राहत नाही, आणि जिभेवर ते विरघळून जातं. वेलची नाही, जायफळ नाही, तूप नाही. पहिल्यांदा ते ओकंबोकं वाटतं. चौथ्या-पाचव्यांदा दाण्याची स्वतःची चव लागायला लागते आणि मग सगळ्या दुकानांचं अंको एकसारखं लागत नाही.

आमच्या दुकानाचं ‘त्सुबुआन’, म्हणजे दाणे ठेवलेलं अंको, कोशिआनपेक्षा सरस आहे. ते तांबा भागातली ‘दाइनागोन’ अझुकी वापरतात. हा दाणा मोठा आणि शिजताना साल फुटत नाही. दाइनागोन हा दरबारातला हुद्दा. त्या हुद्द्याच्या माणसाला सामुरायांसारखं पोट फाडून मरायची शिक्षा नसे, म्हणून पोट न फुटणाऱ्या दाण्याला ते नाव पडलं, असं सांगतात.

आता आसानामाची गोष्ट. मार्चमध्ये विषुवदिन मध्ये धरून सात दिवस ‘हिगान’ असतं. पितरांची आठवण करायचे दिवस. घरातल्या देव्हाऱ्यात आणि कबरस्तानात जाऊन फुलं आणि ‘ओहागी’ ठेवतात: चिकट तांदळाचा भात अर्धवट कांडून त्याचा लांबट गोळा, वर अंकोचा जाड थर. हिगान या शब्दाचा अर्थ मी शोधला तेव्हा थबकलेच. हि-गान, तो किनारा. म्हणजे आपलं पैलतीर. बौद्धांच्या पारमितेमधला पलीकडे जाण्याचा अर्थ त्यात आहे. विषुवदिनाला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो आणि अमिदा बुद्धाची शुद्धभूमी पश्चिमेला, म्हणून हे दिवस. तेव्हा आईला जाऊन सहा महिने झाले होते. मी २० मार्चला सहा ओहागी घेतल्या. दोन तिच्या फोटोपुढे ठेवल्या, दोन आम्ही खाल्ल्या आणि दोन दुसऱ्या दिवशी लेक येणार म्हणून फ्रिजमध्ये ठेवल्या.

सकाळी काढल्या तर आतला भात खडा झाला होता. कच्चा लागावा असा, मधोमध टणक. लेकीने एक घास घेऊन बशी बाजूला सारली. मला फार वाईट वाटलं, आणि मी थोडं रागावूनच ओकामिसानना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आत जाऊन ओजिसानना घेऊन आल्या आणि दोघांनी मिळून मला समजावलं. शिजलेल्या तांदळातला स्टार्च फ्रिजच्या थंडीत सर्वांत लवकर परत घट्ट होतो. साखर भरपूर असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि पदार्थ मऊ राहतो. ‘ग्युही’ म्हणून एक मोचीचा प्रकार आहे, त्यात साखर इतकी घालतात की तो दिवसेंदिवस मऊ राहतो, म्हणून दूरवर पाठवायच्या गोडात तो असतो. ओहागीच्या भातात साखर जवळजवळ नसतेच. म्हणून ती त्या दिवसापुरती. ठेवायचीच असेल तर आणल्या आणल्या एकेक गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये, आणि खायच्या आधी बाहेर काढून पूर्ण नरम होऊ द्यायची. घट्ट झालेली ओहागी मंद आचेवर तव्यावर परतली तर भात परत मऊ होतो, हेही त्यांनीच सांगितलं, आणि निघताना दोन ताज्या ओहागी माझ्या हातावर ठेवल्या. पैसे घेतले नाहीत. त्या संध्याकाळी लेकीने दोन्ही संपवल्या.

बाकीचं वर्ष भराभर सांगते. चैत्रात येते तशी पालवी इथे एप्रिलमध्ये येते, पण साकुरामोचीची पट्टी त्याच्या आधीच, फेब्रुवारीच्या शेवटी लागते. क्योटोतली साकुरामोची ‘दोम्योजी’ची, म्हणजे चिकट तांदूळ वाफवून, वाळवून, भरडलेल्या कण्यांची. कणी दाताखाली लागते. टोकियोकडची वेगळी असते, गव्हाच्या पिठाच्या पातळ धिरड्यात अंको गुंडाळलेली. ती तिथे चोमेइजी देवळाजवळ १७१७ मध्ये सुरू झाली. दोन्हींवर चेरीचं मिठात मुरवलेलं पान असतं. पानासकट खा, ते खारट पान आणि गुलाबी गोड भात मिळूनच तो पदार्थ होतो. मे महिन्यातल्या काशिवामोचीचं पान मात्र काढून टाकायचं. ते ओकाच्या जातीचं पान. नवा कोंब आल्याशिवाय ते गळत नाही, म्हणून ५ मेच्या मुलांच्या सणाला ते वंश चालू राहण्याची खूण. इथे त्यात गोड पांढऱ्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सारणही मिळतं. तेच घ्या. खारट-गोड सारण इतकं जमलेलं मी दुसरीकडे खाल्लेलं नाही.

जुलैत बांबूच्या नळकांड्यात मिझुयोकान, म्हणजे अझुकीची मऊ, पाणीदार वडी, फार छान. शरदातल्या पौर्णिमेला त्सुकिमिदांगो: चित्रांत दिसतात ते गोल पांढऱ्या लाडवांचे ढीग पूर्वेकडचे, क्योटोचा दांगो अरवीसारखा लांबट आणि मधोमध अंकोचा पट्टा, चंद्रावर ढग आल्यासारखा. कारण या पौर्णिमेला नवी अरवी वाहायची पद्धत आहे. डिसेंबरमध्ये नव्या वर्षाच्या मोचीच्या ऑर्डरी असतात, तेव्हा आठ-दहा दिवस गोड जवळजवळ बंद. आणि जानेवारीत ‘हानाबिरामोची’. पांढरी गोल मोची दुमडलेली, आतून गुलाबी झाक, पांढऱ्या मिसोचं सारण, आणि दोन्ही बाजूंनी डोकावणारी पाकवलेल्या गोबोची, म्हणजे एका लांब मुळाची, काडी. दरबारातल्या नववर्षाच्या पदार्थावरून आलेली ही गोष्ट. चहाच्या उरासेन्के घराण्यात वर्षातल्या पहिल्या समारंभाला तीच असते. दुकान ती सांगितल्यावरच करतं, ४५० येनला एक. वर्षातून एकदा ते द्यावेत. त्या मुळाचा मातीचा वास आणि मिसो, हे मी शब्दांत नीट मांडू शकत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाचं. आम्ही अंडंही खात नाही, आणि क्योटोत बाहेर जेवताना बहुतेक सुपांत माशाचं पाणी असतं. या दुकानात मात्र जवळजवळ सगळं चालतं: तांदूळ, कडधान्य, साखर, आणि घट्ट करायला ‘कांतेन’. कांतेन समुद्री शेवाळाचं. १७ व्या शतकात इथल्याच फुशिमीत एका खाणावळवाल्याने बाहेर टाकलेला उरलेला पदार्थ हिवाळ्यात रात्री गोठला, दिवसा सुकला आणि त्यातून ते सापडलं, असं सांगतात. दोरायाकी, म्हणजे अंको भरलेली जाड धिरडी, आणि कास्तेरा, म्हणजे स्पंज केक, यांत मात्र अंडं असतं. ‘किमि’ने सुरू होणारी नावंही टाळा, किमि म्हणजे बलक. सुट्ट्या ताज्या पदार्थावर घटकांची चिठ्ठी नसते, म्हणून विचारावं लागतं: “तामागो हाइत्तेमासु का?” अंडं आहे का. इथे ओकामिसान आता मला पाहूनच दोरायाकीवर हात आडवा करतात.

डबाबंद वस्तूंच्या बाबतीत जास्त जपा. गेल्या ऑक्टोबरमध्ये माझ्या मावसबहिणीला, ती चातुर्मास कडक पाळते, मी एका मोठ्या स्टेशनातल्या दुकानातून सुंदर डबा घेऊन दिला. फळांची जेली, वरून अगदी कांतेनच्या गोडासारखी दिसणारी. विकणाऱ्या मुलीला विचारलं, तिने शाकाहारी आहे म्हणून सांगितलं. घरी येऊन मागची बारीक अक्षरं लेकीने वाचली: झेराचिन, म्हणजे जिलेटिन. ताईने तोवर एक खाल्ली होती. ती काही बोलली नाही, पण तिने दुसऱ्या दिवशी उपास धरला आणि मला ते अजून लागतं. ‘शाकाहारी आहे का’ असं विचारू नका, झेराचिन आहे का, तामागो आहे का, असं एकेक नाव घेऊन विचारा.

दुकानाच्या उणिवाही सांगते. फक्त रोख पैसे. बसायला जागा नाही. सुट्टीचा वार ठरलेला नाही, दारावर चिठ्ठी लागते. बारानंतर गेलात तर दोन-तीन प्रकार उरलेले, कधी तेही नाहीत. मिताराशिदांगोवरचा सोया सॉसचा पाक मला जास्त खारट वाटतो, दोनदा घेतला, दोनदा तसाच. इंग्रजी येत नाही, पण बोटांवर आकडे दाखवले की काम होतं. पिशवीचे पैसे पडतात, घरून कापड नेलं तर ओकामिसान त्यात डबा स्वतः नीट बांधून देतात.

दोन-तीन दिवसच क्योटोत असणाऱ्यांनी गल्ल्या शोधत बसू नये. त्यांनी देमाची फुताबात जावं. १८९९ पासूनचं दुकान, कामो नदीच्या दोन धारा मिळतात तिथून जवळ. मामेमोची घ्या: मऊ मोचीत खारवलेले लाल वाटाणे, आत कोशिआन. रांग लांब दिसते पण भराभर सरकते. वेळ असेल तर इमामिया देवळाच्या दारातलं इचिवा, ते इसवी सन १००० पासूनचं. अंगठ्याएवढ्या मोचीला भाजक्या सोयाबीनचं पीठ लावून, बांबूच्या काडीवर कोळशावर भाजून, पांढऱ्या मिसोचा पाक ओततात. ती तिथेच बसून, गरम असतानाच खायची. आणि लांबच्या प्रवासाला नेण्यासाठी तोराया. सोळाव्या शतकापासून क्योटोत दरबाराला गोड पुरवणारं घराणं. १८६९ मध्ये दरबारापाठोपाठ टोकियोला गेलं, पण क्योटोतलं इचिजो भागातलं दुकान अजून आहे. त्यांचं योकान अझुकी, साखर आणि कांतेनचं, बंद असेल तर महिनोन् महिने टिकतं. ‘योरु नो उमे’, रात्रीचा प्लमचा बहर, या नावाचं घ्या. कापलं की काळ्या वडीत दाणे अंधारातल्या फुलांसारखे दिसतात.

परवा आमच्या दुकानाच्या काचेवर ओहागीची पट्टी लागली. पुन्हा हिगान, या २० तारखेपासून सात दिवस. नदीकाठी लाल हिगानबाना फुलायला लागली आहेत. घरी पंचांगात पितृपंधरवडा याच सुमाराला येतो. वसंतात याच पदार्थाला बोतानच्या फुलावरून ‘बोतामोची’ही म्हणतात आणि आता हागीच्या फुलावरून ‘ओहागी’. नव्या अझुकीची साल कोवळी असते म्हणून शरदातली दाण्यांसकट करायची, अशी रीत. मी २३ तारखेच्या सहा सांगून आले आहे, चार त्सुबुआनच्या, दोन किनाकोच्या, म्हणजे भाजक्या सोयाबीनच्या पिठाच्या. ओकामिसाननी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “आईसाठी दोन वेगळ्या बांधू ना?”